फिलोमेना : प्रकाशाची लेक, बुलबुल की आवडाबाई?

प्रश्न असा आहे. वसईच्या एका ताईंना मुलगी झाली असून तिला पणजीचे नाव द्यायचे आहे, फिलोमेना. घरात मात्र त्यावरून वाद पेटला आहे. भावाने इंटरनेटवर पाहून सांगितले, अर्थ 'प्रकाशाची कन्या'. नणंदेला दुसरीकडे 'बुलबुल' सापडला. तिसऱ्याने 'बलाची मैत्रीण' असे काहीतरी आणले. त्यात एका वडीलधाऱ्यांनी बाँब टाकला, "ती संत तर चर्चने यादीतून काढून टाकली, नाव कसले ठेवता?" शिवाय पणजीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत स्पेलिंग एक, गोव्याचे माहेर असलेल्या आजीच्या कागदांवर दुसरे. खरे काय, असे ताई विचारतात.

मी संस्कृत व्याकरण शिकवण्यात आयुष्य घालवले आणि ग्रीक हौसेने शिकलो. नावांच्या व्युत्पत्तीचा नाद त्यातूनच लागला. उत्तर एका ओळीत हवे असेल तर हे घ्या: फिलोमेना म्हणजे 'जिच्यावर प्रेम केले जाते ती'. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या नावांत याचे तंतोतंत भाषांतर आहे, आवडाबाई. बाकीचे तीन अर्थ चुकीचे आहेत, पण प्रत्येक चूक कुठून आली ते सांगता येते, आणि खरे सांगायचे तर अर्थापेक्षा त्या चुकाच जास्त रंजक आहेत.

आधी व्याकरण उरकून घेऊ. ग्रीकमध्ये 'फिलेओ' म्हणजे प्रेम करणे. त्याचे कर्मणि वर्तमानकालवाचक विशेषण करायचे तर धातूला '-ओमेनोस' लागतो, स्त्रीलिंगी '-ओमेने'. 'फिले' आणि 'ओमेने' जवळ आले की 'ए' आणि 'ओ' यांचा संधी होऊन 'ऊ' होतो: फिलूमेने. हा '-मेनोस' परका वाटत असेल तर 'यजमान', 'वर्तमान', 'विद्यमान', 'क्रियमाण' हे शब्द आठवा. पाणिनी ज्याला शानच् प्रत्यय म्हणतो तो '-मान' आणि ग्रीकांचा '-मेनोस' एकाच आजीची नातवंडे आहेत. गीतेच्या दहाव्या अध्यायातल्या पहिल्याच श्लोकात अर्जुनाला 'प्रीयमाणाय' म्हटले आहे. तिथे धातू वेगळा आणि अर्थाची छटाही थोडी वेगळी, पण घडण तीच. इंग्रजीतून आपण 'फिनॉमेनन' हा शब्द घेतो ना, तोही याच साच्यातला: 'दिसत असलेले', दृश्यमान. (बुद्धिमान, शक्तिमान यांतला 'मान' इथे आणू नका. तो मतुप् प्रत्यय, त्याचे घराणे निराळे. ही गल्लत मी परीक्षेच्या पेपरात शेकडो वेळा तांबड्या शाईने खोडली आहे.)

तेव्हा फिलूमेने हे 'प्रिया'सारखे साधे विशेषण नाही. त्यात क्रिया चालू आहे: प्रेम केले जात आहे, अजूनही केले जात आहे. आणि 'फिलोस' या शब्दाचा होमरच्या काळात 'प्रिय' इतकाच 'आपला, स्वतःचा' असाही अर्थ होता. आपण 'आपली माणसं' म्हणतो त्यातला 'आपली'. मला ही छटा फार आवडते.

हे नाव ख्रिस्ती धर्माच्या आधीपासूनचे आहे. रोमन नाटककार टेरेन्स याच्या इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या विनोदी नाटकांत ग्रीक घरातली सून म्हणून फिलूमेना येते. पुरुषांतही ते होते. फिलूमेनोस नावाच्या एका ग्रीक वैद्याने विषारी प्राण्यांच्या दंशावर लिहिलेला ग्रंथ आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती इतिहासात हे नाव ठळकपणे येते ते दुसऱ्या शतकात, आणि तेही गमतीशीर रीतीने. रोममध्ये आपेल्लेस नावाचा एक बंडखोर धर्मशिक्षक होता. त्याच्यासोबत फिलूमेने नावाची एक द्रष्टी स्त्री होती. तिला होणारे साक्षात्कार तो लिहून ठेवी. तेर्तुल्लियानस या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने या दोघांवर कडाडून टीका केली आहे. म्हणजे चर्चच्या वाङ्मयात गाजलेली ही आरंभीची फिलूमेने चर्चच्या लेखी पाखंडी होती.

आता 'प्रकाशाची कन्या'. याची गोष्ट सांगायला जरा वेळ लागेल, पण ती सांगितल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही.

1802 च्या मे महिन्यात रोममध्ये सालारिया रस्त्यावरच्या प्रिसिल्लाच्या भुयारी दफनभूमीत खोदकाम चालू होते. भिंतीत खोदलेल्या एका कोनाड्यात एक कबर सापडली. तिचे तोंड भाजक्या मातीच्या तीन फरश्यांनी बंद केलेले होते आणि त्यांवर लाल रंगात अक्षरे होती. डावीकडून वाचत गेले तर पहिल्या फरशीवर 'लुमेना', दुसऱ्या फरशीवर 'पाक्स ते', तिसऱ्या फरशीवर 'कुम फि'. असे वाचून लॅटिनमध्ये काहीच अर्थ लागत नाही. पहिली फरशी उचलून शेवटी ठेवली की लागतो: 'पाक्स तेकुम, फिलुमेना', म्हणजे 'फिलुमेना, तुला शांती लाभो'. अक्षरांसोबत जहाजाचा नांगर, बाण आणि खजुराची झावळी अशी चित्रे होती. आत एका किशोरवयीन मुलीच्या अस्थी होत्या आणि शेजारी काचेचे एक फुटके भांडे. झावळी हे हुतात्म्याचे चिन्ह, भांड्यातला सुकलेला अंश रक्ताचा, असे त्या काळात मानले जाई. म्हणून ही मुलगी हुतात्मा ठरली.

1805 मध्ये फ्रान्चेस्को दे लुचिया नावाच्या धर्मगुरूने या अस्थी नेपल्सजवळच्या मुन्यानो देल कार्दिनाले या गावी नेल्या. तिथे नवस फळू लागले, आणि नवस फळले की संताचे चरित्र हवे. ते तर कुठेच नव्हते, होती फक्त तीन फरश्यांवरची अक्षरे. 1833 मध्ये नेपल्सच्या मारिया लुइसा दि जेसू या साध्वीने आपल्याला संत फिलुमेनाने दर्शन देऊन स्वतःची हकीकत सांगितल्याचे जाहीर केले. ती ग्रीक राजाची मुलगी, सम्राट डायोक्लेशियनने तिला मागणी घातली, तिने ती नाकारली. मग नांगर बांधून नदीत फेकणे, बाणांचा वर्षाव आणि शेवटी शिरच्छेद. फरश्यांवरचे एकेक चित्र या कथेत बरोबर बसते. त्याच कथेत नावाचा अर्थही आला. जन्माच्या वेळी नाव ठेवले 'लुमेना', श्रद्धेच्या प्रकाशावरून. बाप्तिस्म्याला झाले 'फि-लुमेना', लॅटिनमध्ये 'फिलिया लुमिनिस', म्हणजे प्रकाशाची लेक.

आता त्या फरश्या पुन्हा डोळ्यांसमोर आणा. 'फि' एका फरशीवर आणि 'लुमेना' दुसऱ्या. शब्द तुटला आहे तो फरशीच्या कडेवर, व्याकरणाशी त्या तुटण्याचा काही संबंध नाही. कुणा गवंड्याने किंवा रंगाऱ्याने जागा संपली म्हणून शब्द जिथे तोडला, तिथेच पंधराएकशे वर्षांनी अर्थाचा सांधा शोधला गेला. शिवाय ग्रीक राजकन्येचे नाव लॅटिन शब्दांतून का फोडायचे, हा प्रश्न आहेच. व्युत्पत्ती म्हणून हे टिकत नाही. पण तुमच्या पणजीच्या आईवडिलांनी नाव ठेवले तेव्हा प्रार्थनापुस्तकातून हाच अर्थ त्यांच्या कानावर पडला असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून भावाला अगदीच वेड्यात काढू नका. तो नावाचा अर्थ सांगत नाही, पण नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते ते कदाचित बरोबर सांगतो आहे.

बुलबुलाचे प्रकरण याहून जुने आहे. ग्रीक पुराणात अथेन्सच्या पांडिओन राजाला दोन मुली: प्रोक्ने आणि फिलोमेला. प्रोक्नेच्या नवऱ्याने, थ्रेसच्या तेरेउसने, मेहुणीवर बलात्कार केला आणि तिने कुणाला सांगू नये म्हणून तिची जीभ कापली. तिने ती हकीकत वस्त्रात विणून बहिणीला कळवली. पुढचा सूड भीषण आहे, तो इथे नको. शेवटी देवांनी सगळ्यांचे पक्षी केले. ग्रीक लेखकांत बहुधा प्रोक्ने नायटिंगेल हा गाणारा पक्षी होते आणि जीभ कापलेली फिलोमेला पाकोळी, जिला गाता येत नाही. रोमनांनी ही अदलाबदल केली आणि फिलोमेला गाणारी झाली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'फिलोमेला'चे लेखन 'फिलोमेना' असेही होऊ लागले आणि 'फिलोमेना' म्हणजे नायटिंगेल पक्षी हा अर्थ कवितेत रुळला. तेव्हा नणंदबाईंच्या अर्थाला काही शतकांचा आधार आहे, फक्त तो दुसऱ्याच नावाचा आहे. एका 'ल'चा 'न' झाला आणि दोन बायका एकमेकींत मिसळल्या. फिलोमेला म्हणजे 'गाणे आवडणारी' असेही सर्रास छापले जाते. तेही जमत नाही, कारण 'मेलोस' म्हणजे गाणे यातला 'ए' ऱ्हस्व आहे आणि फिलोमेलातला दीर्घ. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ 'ए' वेगळे लिहिता येत नाहीत, ग्रीकमध्ये त्यांना अक्षरेच वेगळी आहेत.

आणि बुलबुल म्हणाल तर फारसीतला 'बुलबुल' म्हणजे नायटिंगेल. आपल्या परसातला शेंडीवाला बुलबुल हा पक्षी निराळाच. नाव तिथून आले, पक्षी इथलाच राहिला.

तिसरा अर्थ, 'बलाची मैत्रीण', हा पुस्तकी माणसांचा आवडता आहे. यात 'फिलो' अधिक 'मेनोस' अशी फोड करतात. हा 'मेनोस' प्रत्यय नव्हे, स्वतंत्र नाम आहे: आवेश, जोर. आणि हा शब्द कोण, ठाऊक आहे? आपला 'मनस्'. ग्रीक 'मेनोस' आणि संस्कृत 'मनस्' हे सख्खे भाऊ. अलेक्झांडरच्या चिटणीसाचे नाव होते एउमेनेस. त्यातला 'एउ' म्हणजे आपला 'सु', म्हणून एउमेनेस म्हणजे शब्दशः 'सुमनस्'. आपल्याकडच्या सुमनताईंचा इतका लांबचा नातलग मॅसेडोनियाच्या छावणीत हिशेब लिहीत बसला होता, हे मला दर वेळी मजेशीर वाटते.

पण फिलोमेनाला ही फोड लागू पडत नाही, आणि कारण संस्कृत येणाऱ्याला चटकन कळेल. 'सुमनस्' हा सामासिक शब्द पुल्लिंगी असो वा स्त्रीलिंगी, प्रथमेचे एकवचन एकच: सुमनाः. ग्रीकमध्येही तसेच. स्त्री असली तरी 'फिलोमेनेस' असेच व्हायला हवे होते, 'फिलोमेना' नव्हे. शिवाय फरश्यांवर आणि जुन्या लॅटिनमध्ये स्वर 'उ' आहे, फि-लु-मेना. 'ओ' नंतर आला, फिलॉसॉफी-फिलोमेला अशा 'फिलो'ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या गर्दीत सापडून. नेपल्सकडे अजूनही 'फिलुमेना' म्हणतात, आणि जुन्या रूपाच्या जवळचे ते आहे.

उच्चाराचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. प्राचीन ग्रीकमध्ये 'फी' या अक्षराचा उच्चार ओठ मिटून होत असे, आपल्या 'फळ'मधल्या 'फ'सारखा. दात ओठावर टेकवून काढलेला 'फ' नंतरचा. फरश्यांवर लॅटिन एफ आहे, म्हणजे ती लिहिणाऱ्याच्या काळापर्यंत रोममध्ये तो बदल झालेला होता. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायका ठसठशीत मराठी 'फ' लावून 'फिलू' हाक मारत असतील तर त्या नकळत सॉक्रेटिसाच्या काळचा उच्चार करतात. त्यांना सुधारायला जाऊ नका.

आता वडीलधाऱ्यांचा बाँब. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

एकोणिसाव्या शतकात ही भक्ती वाऱ्यासारखी पसरली. तिला हात लागला फ्रान्सचा. ल्यों शहरातली पोलीन जारिको, जिने 1822 मध्ये मिशनकार्यासाठी निधी गोळा करणारी मोठी संस्था उभी केली, ती मरणोन्मुख अवस्थेत 1835 च्या ऑगस्टमध्ये मुन्यानोला गेली आणि बरी होऊन परतली. आर्स गावचे धर्मगुरू जाँ-मारी व्हियान्ने आपल्याकडे घडलेल्या सगळ्या चमत्कारांचे श्रेय या संतालाच देत. 1837 मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी तिच्या सणाला मान्यता दिली. 11 ऑगस्ट हा तिचा दिवस झाला. मग 1904 मध्ये ओराझिओ मारुक्की या पुरातत्त्वज्ञाने त्या फरश्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्याचे म्हणणे, फरश्या जुन्या, दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या, आणि त्या नंतरच्या कुणा दुसऱ्याच मुलीच्या कबरीवर पुन्हा वापरल्या. क्रम उलटा लावला तोच मुळी 'हे नाव आता या कबरीचे नाही' हे कळावे म्हणून. हे मान्य केले तर आत झोपलेल्या मुलीचे नाव फिलुमेना नव्हतेच. मारुक्कीला उत्तर देणारेही झाले, वाद बराच चालला. शेवटी ऐतिहासिक आधार पुरेसा नाही म्हणून 14 फेब्रुवारी 1961 रोजी व्हॅटिकनने तिचा सण सर्व उपासना-पंचांगांतून वगळला.

पंचांगातून सण वगळला, एवढेच घडले. मुन्यानोचे देवालय चालू आहे, लोक जातात. म्हैसूरला संत फिलोमेनाचे भव्य गॉथिक कॅथेड्रल आहे. त्याची पायाभरणी 1933 मध्ये खुद्द महाराज चौथे कृष्णराज वडियार यांनी केली, आणि 1961 नंतर त्याचे नाव कुणी बदलले नाही. नावावर बंदी घालणारा आदेश कधीच निघाला नाही. निघणार तरी कसा? नाव या संताचा शोध लागण्याआधी जवळपास दोन हजार वर्षांपासून माणसांचे आहे. अगदीच कुणी हटून बसले तर सांगा, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये फिलूमेनोस नावाचा एक आधुनिक संत आहे. सायप्रसचा हा साधू 1979 मध्ये नाब्लुसजवळ याकोबाच्या विहिरीपाशी मारला गेला.

इथे वसईचाही एक मुद्दा आहे, जो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे समज असा की अशी सगळी नावे पोर्तुगीजांनी आणली. पण वसई चिमाजी अप्पांनी जिंकली 1739 मध्ये, आणि त्या तीन फरश्या निघाल्या 1802 मध्ये. म्हणजे वसईचा किल्ला पडला तेव्हा या संताचे नाव युरोपातही कुणाला ठाऊक नव्हते. वसईत हे नाव आले ते इंग्रजी अमदानीत, एकोणिसाव्या शतकातल्या भक्तीच्या लाटेबरोबर. गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे पोर्तुगीज होतेच, फिलोमेना आणि पुरुषांचे फिलोमेनो ही दोन्ही रूपे तिथे आढळतात. योगायोग पाहा, ज्या 1961 मध्ये संत पंचांगातून गेली त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगीज गोव्यातून गेले.

कुणी म्हणेल, मराठी घरात ग्रीक नाव विचित्र दिसेल. त्यांना विचारा, मिलिंद कुठला? ग्रीक राजा मेनांद्रोस, पालीत झाला मिलिंद. डॉ. आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला त्याचे नाव मिळाले आणि नंतर ते घराघरांत गेले. मेनांद्रोसमधला 'आंद्रोस' हा 'नर' शब्दाचाच भाऊ. आता मिलिंद हे नाव कुणाला ग्रीक वाटते? (भुंगा या अर्थाचा संस्कृत 'मिलिंद' निराळा.)

लाडाने 'मेना' म्हणणार असाल तर म्हणा, पण कुणी 'हे तर पार्वतीच्या आईचे नाव, म्हणजे मूळ संस्कृतच' असे सांगू लागले तर हसून सोडून द्या. हिमवानाची मेना आणि ही मेना यांचा संबंध नाही. झाडावरच्या मैनेचाही नाही.

'आवडाबाई' म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडले असेल. पण याच महाराष्ट्रात मुलींची नावे 'नकुशा' ठेवली गेली आणि 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात जाहीर कार्यक्रम करून ती बदलावी लागली. 'नकुशा'च्या नेमके समोर कोणते नाव उभे राहील असे मला कुणी विचारले, तर मी फिलूमेने सांगेन.

राहिले स्पेलिंग. पणजीच्या नोंदीत सुरुवातीला पी-एच आहे आणि आजीच्या कागदांवर एफ, म्हणून घाबरू नका. पोर्तुगीजांनी 1911 मध्ये शुद्धलेखन सुधारले तेव्हा ग्रीकमधून आलेला पी-एच काढून सगळीकडे एफ केला. त्यामुळे पोर्तुगीज कागदांत आधीची पी-एचवाली आणि नंतरची एफवाली एकच बाई असू शकते. वसईत इंग्रजी कारभार असल्याने पी-एच टिकला. तुमच्या आजींचे माहेर गोव्याचे आहे असे तुम्ही लिहिलेच आहे, तिथे उलगडा झाला. 'फिलोमेना' हा पोर्तुगीज वळणाचा उच्चार आणि 'फिलोमिना' हा इंग्रजी कॉन्व्हेंटचा, फरक इतकाच.

बाळाच्या जन्मदाखल्यावर कोणते घालायचे ते तुम्ही ठरवा. मी असतो तर पणजीचेच, पी-एचवाले घातले असते. पण जे घालाल ते बाप्तिस्म्याच्या नोंदीत, जन्मदाखल्यात आणि आधारवर अक्षर न् अक्षर एकच ठेवा. पुढे पासपोर्टच्या खिडकीशी ग्रीक व्याकरण कुणी ऐकून घेत नाही.